बर्नार पालिसी : एका झिलईची किंमत

श्रोतेहो, आपल्यापैकीं बहुतेकांच्या घरीं फडताळांत लोणच्याची एक तरी बरणी असेल. ती आपण रोज हाताळतों. परंतु तिच्या अंगावरचा तो गुळगुळीत, कांचेसारखा लेप कशाचा आहे, हा प्रश्न आपल्या मनांत क्वचितच येतो. आतां कोपऱ्यांतला पाण्याचा माठ पाहा. त्याच्या अंगांतून पाणी झिरपतें आणि त्या झिरपण्यामुळेंच उन्हाळ्यांत तें थंड राहतें. पण त्याच माठांत लोणचें घालूं म्हटलें, तर चार दिवसांत तेल बाहेर फुटेल आणि मीठ मातीला खाऊं लागेल. बरणींत मात्र लोणचें वर्षभर सुखानें नांदतें. बरणीची माती अधिक कडक आंचेवर घट्ट भाजलेली असते, हें त्याचें एक कारण. आणि तिच्यावर कांचेचें जें पातळ कवच चढविलेलें असतें, तें दुसरें. या कवचाला आपण झिलई म्हणतों. या झिलईच्या शोधापायीं आपल्या आयुष्याचीं पंधरा-सोळा वर्षें, आणि शेवटीं घरांतलीं टेबलें व फळ्यांची जमीनसुद्धां ज्यानें भट्टींत घातली, त्या बर्नार पालिसी नांवाच्या फ्रेंच कारागिराची हकिकत आज मी आपणांस सांगणार आहें.

शिक्षकाच्या पेशांत असतांना ही गोष्ट मीं किती वेळां सांगितली असेल याची गणतीच नाहीं. सॅम्युएल स्माइल्स या ग्रंथकाराच्या, १८५९ सालीं प्रसिद्ध झालेल्या ‘सेल्फ हेल्प’ या पुस्तकांत थोर कुंभारांवर एक स्वतंत्र प्रकरण आहे आणि त्यांत पहिला मान पालिसीचा आहे. चिकाटीचा धडा द्यावयाचा झाला कीं आम्ही मास्तर लोक पालिसीला वर्गांत बोलावीत असूं. एके वर्षीं मात्र मागच्या बांकावरचा एक मुलगा उभा राहिला व म्हणाला, “गुरुजी, तो भट्टी पेटवीत होता तेव्हां त्याचीं मुलें काय जेवत होतीं?” वर्ग हंसला. मीहि हंसलों आणि त्याला खालीं बसावयास सांगितलें. पुढें मला कळलें कीं, त्या मुलाच्या वडिलांनीं साबण करण्याच्या नादांत घरचे दागिने मोडले होते. दुसऱ्या वर्षीं तो मुलगा शाळेंत आला नाहीं. त्याच्या प्रश्नाला मीं उत्तर द्यावयास हवें होतें, तें राहून गेलें. म्हणून आज ही गोष्ट सांगतांना तिची दुसरी बाजू मी वगळणार नाहीं.

पालिसीचा जन्म १५१० च्या सुमारास फ्रान्सच्या नैर्ऋत्य भागांत झाला. लॅटिन आणि ग्रीक या विद्वानांच्या भाषा त्याला येत नव्हत्या. आणि पुढें मोठेपणीं तो ही गोष्ट लपवीत नसे, उलट ती अभिमानानें सांगे. तरुणपणीं तो रंगीत कांचेचें काम शिकला. चर्चच्या खिडक्यांसाठीं कांचा रंगवून शिशाच्या पट्ट्यांत बसविण्याचा तो धंदा होता. त्याच्या जोडीला तो जमिनीची मोजणी करून नकाशे काढी. कामाच्या शोधांत बराच प्रदेश पायांखालीं घालून तो १५३९ च्या सुमारास सेंत नांवाच्या गांवीं स्थायिक झाला. लग्न झालें, मुलें झालीं. चार लोकांसारखा संसार चालला होता.

अशांत एके दिवशीं त्याच्या दृष्टीस मातीचा एक पेला पडला. त्यावरचा लेप इतका सुंदर होता कीं, पालिसीच्या डोक्यांतून तो कांहीं केल्या जाईना. तो पेला इटलीचा होता कीं चीनचा कीं आणखी कोठला, याविषयीं पंडितांत आजहि एकमत नाहीं. कांचेवरच्या चित्रकामाला पूर्वीसारखी मागणी राहिली नव्हती; तेव्हां हा लेप आपल्याला साधला तर नवा धंदा हातीं येईल, असाहि व्यवहारी विचार त्यानें केला. पण त्याला मातीचें ज्ञान नव्हतें, भट्टीचें नव्हतें आणि शिकविणाराहि कोणी नव्हता. आपण अंधारांत चांचपडणाऱ्या माणसासारखे निघालों, असें त्यानें स्वतःच पुढें लिहून ठेवलें आहे.

तो काय शोधीत होता, हें थोडक्यांत समजून घेऊं. झिलई म्हणजे भांड्याच्या अंगावरच वितळविलेली कांच. कांचेचा मूळ पदार्थ वाळू. परंतु नुसती वाळू वितळावयाला लागणारी प्रचंड उष्णता कुंभाराच्या भट्टींत उत्पन्नच होत नाहीं. वाळूंत शिशाची भस्में किंवा वनस्पतींच्या राखेंतले क्षार मिसळले, तर ती पुष्कळ कमी उष्णतेवर पाझरते आणि भांड्यावर पसरून बसते. मात्र ही कांच पारदर्शक असते. तिच्यांतून खालची तांबडी माती जशीच्या तशी दिसते. पांढरी शुभ्र झिलई पाहिजे असेल तर तींत कथिलाचें भस्म घालावें लागतें. त्याचे कण कांचेंत विरघळत नाहींत, तरंगत राहतात, आणि त्यामुळें कांच दुधासारखी अपारदर्शक दिसते. ज्या कथिलानें आपला कल्हईवाला पितळेचीं भांडीं पांढरीं करीत असे, तोच हा धातु. या पांढऱ्या भूमीवर तांब्यानें हिरवा, कोबाल्टानें निळा, मँगेनीजनें जांभळा-तपकिरी आणि लोखंडानें पिंवळसर असे रंग उठवितां येतात.

आणि या ठिकाणीं एक मोठी विलक्षण गोष्ट आहे. कथिलाची ही युक्ति त्या काळीं नवी नव्हती. इराकांतल्या कुंभारांना ती नवव्या शतकांतच ठाऊक होती. तेथून ती स्पेनमध्यें व इटलींत पोंचली, आणि पालिसी धडपडत होता त्याच सुमारास फ्रान्समध्येंच रुआं शहरीं एक कारागीर त्या पद्धतीच्या फरशा करीत होता. पण धंद्याचें मर्म घराबाहेर जाऊं द्यावयाचें नाहीं, बापानें मुलाला किंवा उस्तादानें शागीर्दाला कानांत सांगावयाचें, असा तो काळ होता. पिकोलपासो नांवाच्या इटालियन गृहस्थानें १५५७ च्या सुमारास या विद्येवर ग्रंथ लिहिला, परंतु तो छापून निघावयास एकोणिसावें शतक उजाडावें लागलें! तेव्हां कोठेंतरी शेंकडों लोकांना येत असलेली गोष्ट पालिसीला एकट्यानें पुन्हां पहिल्यापासून शोधून काढावी लागली.

त्यानें मातीचीं भांडीं विकत घेतलीं, फोडून त्यांच्या खापऱ्या केल्या, प्रत्येक खापरीवर खूण घातली, कोणत्या खापरीवर कोणतें मिश्रण लावलें याची टीप ठेवली आणि घरच्या लहानशा भट्टींत त्या भाजल्या. कांहीं जळल्या, कांहीं कच्च्या राहिल्या. मग त्यानें खापऱ्या गांवाबाहेरच्या कुंभारांच्या भट्टींत पाठविल्या. तेथेंहि तोच अनुभव आला. अनेक महिने, मग वर्षें, अशीं गेलीं. एव्हांना घरांतली शिल्लक संपली होती. १५४३ च्या सुमारास सरकारनें मिठावरच्या करासाठीं समुद्रकांठच्या मिठागरांची मोजणी काढली व तें काम पालिसीला मिळालें. त्यानें प्रयोग बाजूला ठेवले, मोजणी केली, नकाशे दिले आणि हातांत पैसा येतांच पुन्हां खापऱ्यांकडे वळला. प्रयोग थांबवून संसाराकडे पाहण्याचें शहाणपण त्याच्या अंगीं होतें, ही गोष्ट आम्ही मास्तर लोक मुलांना सांगत नसूं.

या वेळीं त्यानें खापऱ्या कुंभारांकडे न पाठवितां कांच करणाऱ्यांच्या भट्टींत नेल्या, कारण तेथली आंच अधिक तीव्र. कांहीं मिश्रणें वितळूं लागलेलीं दिसलीं. त्या आशेवर आणखी दोन वर्षें गेलीं. अखेर एकदां शेवटचा प्रयत्न म्हणून तीनशेंहून अधिक प्रकारच्या खापऱ्या एका माणसावर लादून तो कांचेच्या भट्टीवर गेला. चार तासांनीं एक खापरी बाहेर काढली. ती थंड झाली आणि पाहतों तों काय, पांढरी व गुळगुळीत! आपला पुनर्जन्म झाला असें त्या क्षणीं वाटलें, असें तो सांगतो.

खरी कसोटी यापुढेंच होती. एक खापरी चमकली म्हणून भांडें साधलें असें होत नाहीं. त्यानें घरापाशीं कांचेच्या भट्टीसारखी भट्टी बांधावयास घेतली. गड्याला द्यावयास पैसे नाहींत. म्हणून विटा स्वतःच्या पाठीवर वाहिल्या, चुना-माती स्वतः कालविली, पाणी स्वतः ओढलें. भांडीं घडविण्यांत सात-आठ महिने गेले. मग झिलई लावून भट्टी पेटविली. सहा दिवस आणि सहा रात्री तो भट्टीच्या दोन तोंडांतून लांकडें घालीत राहिला, तरी झिलई वितळेना. मिश्रणांत वितळविणारा पदार्थ कमी पडला असावा, असा तर्क करून, भट्टी थंड होऊं न देतां तो पुन्हां कुटावयास व दळावयास बसला. आधींचीं भांडीं वायां गेलीं होतीं. म्हणून उसनवारीनें बाजारांतून नवीं आणलीं. आणि नेमक्या त्या वेळीं लांकूड संपलें. बागेंतल्या वेलींच्या मांडवाचे खांब आधीं गेले. मग टेबलें गेलीं. मग घराच्या जमिनीच्या फळ्या उखडून त्या आगींत गेल्या. महिन्याहून अधिक काळ अंगावरचा सदरा घामानें कधीं कोरडा झाला नव्हता.

झिलई वितळली, पण गांवांत बोभाटा झाला कीं, पालिसी घर जाळीत आहे. कोणी म्हणाले, तो वेडा झाला. कोणी म्हणाले, खोटीं नाणीं पाडतो आहे. तो मान खालीं घालून रस्त्यानें जाऊं लागला. देणेकरी दारांत येत. दोन मुलें दाईकडे ठेविलेलीं होतीं, तिचा पगार थकला होता. धीराचा शब्द द्यावयाचा सोडून लोक म्हणत, धंदा टाकून बसला आहे, उपाशी मरूं दे. आणि घरीं आल्यावर बाहेरच्याहून कठीण छळ वाट्याला येई, असें पालिसी लिहितो. हा ‘छळ’ म्हणजे पत्नीचे बोल. श्रोतेहो, या हकिकतींत त्या बाईचें नांव कोठेंहि येत नाहीं. तिचें म्हणणें आपण फक्त तिच्या नवऱ्याच्या लेखणींतून ऐकतों. पण जिच्या पायांखालची जमीन खरोखरीच उखडून नेली गेली, ती बाई बोलली नसती तरच नवल!

मदतीला त्यानें एक कुंभार ठेविला. सहा महिने त्याला खाणावळींत उधारीवर जेवूं घातलें आणि अखेर जाऊं देतांना पगारादाखल स्वतःचे कपडे काढून दिले. मग जुनी भट्टी मोडून नवी बांधली. मोडतांना बोटें इतकीं कापलीं कीं, चिंध्या गुंडाळलेल्या हातांनीं सूप प्यावें लागलें. भट्टी भरली. या वेळीं झिलई वितळली, रंग उत्तम आले. परंतु भट्टीच्या गाऱ्यांत गारगोट्यांचे खडे होते. ते तापून फुटले आणि त्यांच्या ठिकऱ्या वितळलेल्या झिलईंत जाऊन रुतल्या. प्रत्येक भांड्यावर हात फिरवावा तों वस्तऱ्यासारखी धार. लोक म्हणाले, स्वस्त द्या, आम्ही घेतों. पालिसीनें तीं सगळीं भांडीं आपल्या हातानें फोडून टाकलीं. हलका माल विकला तर नांवाला बट्टा लागेल, हें त्याचें कारण.

येथें मला आपल्या गोरोबाकाकांची आठवण होते. तेरचे ते कुंभार विठ्ठलाच्या नामांत इतके रंगून गेले कीं, चिखल तुडवितांना पायांखालीं स्वतःचें मूल आलें तें त्यांना समजलें नाहीं, अशी कथा आपण सर्वांनीं कीर्तनांत ऐकली आहे. आपण त्या तल्लीनतेपुढें हात जोडतों आणि त्याच कथेंतल्या आईच्या आक्रोशानें आपल्या डोळ्यांना पाणीहि येतें. दोन्ही भावना खऱ्या आहेत. एकीसाठीं दुसरी टाकावयाचें कारण नाहीं. गोरोबांच्या कथेंत देव धांवून येतो व मूल परत मिळतें. पालिसीच्या कथेंत देव धांवून आला नाहीं. तेथें वर्षें मोजावीं लागलीं.

चुकांतूनच तो शिकत गेला. भट्टींतली राख उडून झिलईवर बसते, म्हणून त्यानें भांड्यांभोंवतीं मातीचीं झांकणें, ज्यांना तो कंदील म्हणे, तीं बसविलीं. निरनिराळे रंग निरनिराळ्या आंचेवर पिकतात. सरड्याचा हिरवा रंग जळून जाई तेव्हां सापाचा रंग अजून वितळलेलाहि नसे. हे सारे रंग एकाच आंचेवर यावेत असें मिश्रण बसवितां बसवितां एकंदर पंधरा-सोळा वर्षें झालीं. तो इतका वाळला कीं, पायमोज्यांचे बंद पोटरीवर ठरेनात. चालतांना टांचेवर घसरत. उघड्यावरच्या भट्टीशीं वारा-पावसांत रात्र काढून, दिव्यावांचून, दारुड्यासारखा झोंके खात तो घरीं परते.

शेवटीं त्याच्या हातून जीं भांडीं निघालीं, तीं त्या पांढऱ्या पेल्यासारखीं मुळींच नव्हतीं. मोठीं लंबगोल ताटें. मध्यें निळसर पाण्याचा भास. त्यांत मासा, बेडूक. कांठावर शिंपले, नेचे आणि पानें. आणि एखादा साप वेटोळें घालून बसलेला. हे प्राणी नुसते डोळ्यांनीं पाहून घडविलेले नव्हते. खऱ्या प्राण्यांवरून, पानांवरून व शिंपल्यांवरून साचे काढून त्यांत माती दाबलेली असे; त्यामुळें खवल्याखवल्याचा ठसा उमटे. ही ताटें जेवणासाठीं नव्हतीं, दिवाणखान्यांत मांडण्यासाठीं होतीं. ज्या ओढ्यांच्या कांठानें तो मोजणीची सांखळी घेऊन हिंडला होता, ते ओढेच त्यानें मातींत उतरविले. माँमोरांसी या बड्या सरदारानें त्याला आश्रय दिला आणि राजाच्या ग्रामीण मृत्कामाचा कल्पक, असा किताब त्याला मिळाला.

हा आश्रय लवकरच निराळ्या कारणानें उपयोगी पडला. पालिसीनें प्रॉटेस्टंट पंथ स्वीकारला होता आणि फ्रान्समध्यें धर्मयुद्धें पेटलीं होतीं. त्याला पकडून बोर्दोच्या तुरुंगांत टाकलें. माँमोरांसी व राजमाता कातरीन द मेदिची यांच्या शब्दामुळें तो सुटला. पुढें तो पॅरिसला गेला आणि राजमातेच्या त्विलरी राजवाड्याच्या बागेसाठीं मातीची गुहा घडवूं लागला. १५७० च्या हिशेबांत त्याच्या जोडीनें निकोला व मात्युरँ पालिसी यांचीं नांवें येतात. ते त्याचे मुलगे असें सामान्यतः समजतात. १९८० नंतरच्या दशकांत लूव्रच्या आवारांत नव्या बांधकामासाठीं उत्खनन चाललें असतां या कारखान्याचे साचे व तुकडे हजारोंनीं सांपडले.

१५७२ सालच्या सेंट बार्थोलोम्यूच्या भीषण कत्तलींतून पालिसी बचावला. १५७५ पासून त्यानें पॅरिसमध्यें सृष्टिशास्त्रावर व्याख्यानें सुरू केलीं. ऐकणाऱ्यानें एक एक्यू, म्हणजे एक मोठें नाणें, द्यावयाचें. आणि वक्त्याचें म्हणणें खोटें ठरविल्यास चौपट परत घ्यावयाचें! प्रसिद्ध शस्त्रवैद्य आंब्रुआझ पारे त्याच्या श्रोत्यांत असे. खडकांत सांपडणारे शिंपले हे एके काळचे जिवंत प्राणी होत, ते महापुरानें वाहून आणलेले नव्हेत. झरे आणि नद्या यांचें पाणी समुद्रांतून भुयारी वाटेनें येत नाहीं, तर जमिनींत मुरलेल्या पावसाचें असतें. असें तो सांगे. आज शाळकरी मुलाला ठाऊक असलेल्या या गोष्टी त्या वेळच्या पुष्कळ पंडितांना पटत नव्हत्या. १५८० सालीं हीं व्याख्यानें ग्रंथरूपानें निघालीं. त्यांत ‘सिद्धान्त’ आणि ‘अनुभव’ अशीं दोन पात्रें संवाद करतात व दर वेळीं अनुभव सिद्धान्ताला निरुत्तर करतो. वर सांगितलेली सारी हकिकत याच ग्रंथांतली.

त्याचा शेवट दुःखद झाला. धर्म सोडीना म्हणून वृद्धपणीं त्याला पुन्हां अटक झाली. राजा तिसरा हेन्री स्वतः तुरुंगांत त्याला भेटला आणि पालिसीनें त्याला बाणेदार उत्तर दिलें, अशी कथा आहे. इतिहासकार ती शब्दशः खरी मानीत नाहींत. खरें एवढेंच कीं, बास्तीयच्या तुरुंगांत, उपासमारीनें व हालअपेष्टांनीं, ऐंशीच्या घरांत असतांना, १५९० च्या सुमारास तो मरण पावला.

आतां त्या मागच्या बांकावरच्या मुलाचा प्रश्न. पालिसीचीं मुलें काय जेवत होतीं? उधारीचें जेवत होतीं, आणि कधीं कधीं तेंहि नसावें. हें उत्तर मीं त्याला त्याच दिवशीं द्यावयास हवें होतें; कारण तें स्वतः पालिसीनेंच दिलेलें आहे. दाईचा थकलेला पगार, बायकोचे बोल, फोडलेलीं भांडीं, यांतलें कांहींच त्यानें लपविलें नाहीं. आम्हीं मात्र त्यांतली चिकाटी तेवढी उचलली व किंमत झांकून ठेवली. आणि दुसरें असें कीं, ती किंमत अटळ नव्हती. एखाद्या जाणत्यानें त्याला चार गोष्टी सांगितल्या असत्या, तर दहा वर्षें वांचलीं असतीं. पण तोच पालिसी आपल्या ग्रंथांत झिलईचे सगळे पदार्थ सांगतो आणि प्रमाण सांगत नाहीं! चुका करूनच मी शिकलों, तुम्हीहि शिका, असें म्हणतो. येथें मात्र, त्याच्याबद्दल पूर्ण आदर ठेवून, एक जुना मास्तर म्हणून मला त्याच्याशीं असहमत व्हावें लागतें. चुका माणूस आपोआप करतोच. त्यांसाठीं विद्या झांकून ठेवण्याची गरज नाहीं. ज्याला जें येतें तें त्यानें प्रमाणासकट दुसऱ्याला सांगावें, म्हणजे पुढच्याच्या घरची जमीन तरी शाबूत राहील.

आज रात्रीं फडताळांतली बरणी खालीं काढाल, तेव्हां तिच्या अंगावरून एकदां बोट फिरवून पाहा. बोटाला धार लागणार नाहीं. ती कां लागत नाहीं, हें आतां आपणांस ठाऊक आहे.